पिवळ्या कार्डाची सोयरीक

मी थापा मारतो हे दवनीवाड्यातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. पण हे सगळं खरं आहे, वजन तेवढं मी थोडं वाढवलंय.

भाचीला पाहायला तिरोड्याचे पाहुणे आले होते. मामा म्हणून बोलणी माझ्याकडे. पोह्यांचा असा डोंगर रचला होता की पलीकडचा नवरदेव दिसेना. त्याचे वडील चाचरत म्हणाले, "एक आधीच सांगतो, पोराचं कार्ड पिवळं आहे."

"आमचंही पिवळंच," मी छाती फुगवली. "पांढऱ्या कार्डवाल्यांशी आमचं जमत नाही."

शेजारची आशाताई गावात आरोग्याचं काम बघते. ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मामाजी, तुम्ही राशनचं सांगून राहिले. ते सिकलचं, रक्ताच्या आजाराचं सांगून राहिले."

पिवळं म्हणजे आजार नाही, रक्तात त्याचा अर्धा वाटा. पण असे दोघे जोडीला आले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका, की मूल जन्मभर हाडं धरून कण्हेल. भाचीचं रक्त कधी तपासलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात तिचं बोट टोचलं. तपासणाऱ्या बाईंनी थेंबात औषध घालून वर काच ठेवली आणि मला सूक्ष्मदर्शकात पाहू दिलं. सगळ्या पेशी गोल, गुटगुटीत. अर्ध्या तासाने पुन्हा डोळा लावला, तर जागोजागी विळे. अख्ख्या जिल्ह्याची धानकापणी एका थेंबात उतरलेली. माझी बडबड बंद पडली. बायको अजून त्या दिवसाची तारीख विचारते.

"हे हिच्या अंगात फिरून राहिले?"

"अंगात गोलच असतात. इथं प्राणवायू तोडला म्हणून वाकले. पक्कं मशीन सांगेल."

आठवड्याने मशीनने सांगितलं, भाचीचंही पिवळंच.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पोटातल्या बाळाची तपासणी होते. त्रास कमी करणारी गोळी आहे. आणि परदेशात तर रोग्याच्याच पेशी बाहेर काढतात, आतली जनुकं बदलतात आणि परत अंगात सोडतात. माझ्याहून मोठी थाप मारणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं, आणि थाप खरी निघाली. मी हात जोडून बसलो.

"ते इथं कधी येईल?" भाचीने विचारलं.

"येईल. पण त्याच्या भरवशावर लग्न ठरवू नको."

तिने दवाखान्याच्या पायरीवरूनच मुलाला फोन लावला. "तुम्ही माणूस चांगले आहा. पण चारातलं ते एक माह्या पोटी नको."

तो म्हणाला, "माह्या बहिणीची तपासणी राहिली आहे. उद्या तिले त्याच दवाखान्यात घेऊन येतो."