रेषा नसलेला अंगठा

तानाबाईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. स्वयंपाक उरकून ती हिंगणीहून पहिली एसटी धरायची आणि साडेसातला वर्ध्याच्या कॉलेजात हजर. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ती काचपट्ट्या धुवायची. मी तिथलाच मदतनीस.

त्या काचांवर स्फटिकांचा पिवळा थर चढवायचा असे, केसाहून कितीतरी पातळ. मग त्यातून वीज किती जाते, उजेडात किती वाढते, ते मोजायचं. काच गरम द्रावणात तासभर उभी ठेवली की थर धरतो. काच मळकी असली की सुटतो. म्हणून तानाबाई प्रत्येक काच आम्लात उकळायची, सहा पाण्यांतून काढायची, चिमट्याने कडेलाच धरायची. सहा म्हणजे सहा. नऊ वर्षांत आम्लाने तिच्या बोटांच्या रेषा खाल्ल्या.

१९७९ साली रूपराव सरांचे थर सुटू लागले. सर हिंगणीचेच, पीएच.डी. करत होते. सगळ्यांसमोर म्हणाले, "या अंगठाछाप बाईच्या हाताचं तेल लागते काचेले." तसं लिहूनही दिलं. तिला कायम करायचा कागद तिथेच अडला.

 तानाबाईने खराब काचा फेकायच्या बंद केल्या. तारखेची चिठ्ठी लावून एकेक डब्यात ठेवू लागली. एकदा मी भिंगातून पाहिलं. पिवळ्या थरात कोपऱ्यावर अंगठा उमटलेला, रेषा न् रेषा मोजून घ्या. सरांना चिमट्याचा कंटाळा. घाईत काच हातानेच लावत.

"आत्ताच दाखव ना विभागप्रमुख साहेबांले," मी म्हटलं.

"काऊन? पिकू द्या ना, भाऊ. दिवाळीनंतर नागपूरचे परीक्षक येऊन राह्यले."

सात महिने थांबली. परीक्षक बसले, विभागप्रमुख साहेब बसले, तेव्हा तिने टेबलावर एक्केचाळीस काचा मांडल्या.

"हा अंगठा हिचाच आहे," सर म्हणाले.

तिने शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि सरांच्याच प्रबंधाच्या कोऱ्या पानावर उठवला. नुसता काळा डाग. एकही रेषा नाही.

"आता तुमचा उठवा, सर."

सरांनी हात खिशात घातला.

प्रबंध वर्षभर मागे गेला. साहेबांनी हुकूम काढला: काचा रूपरावांनी धुवायच्या, तानाबाईने तपासायच्या. ती काचेवर तोंडाची वाफ सोडायची. वाफ एकसारखी बसली नाही की काच परत.

"पुन्हा, सर. सहा पाणी."

चांगली धुतलेली काचही तिने दोनदा परत केली. मी पाहिलं.  मला गोड वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती कायम झाली. १९८६ साली पगाराच्या पैशातून तिने हिंगणीत दोन खोल्या बांधल्या. जागा बरोबर रूपराव सरांच्या दारासमोरची. रस्त्याकडच्या खिडकीत, माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, तिने एक पिवळी काच बसवून घेतली. अंगठ्याची.