आम्ही विहीर आटवली

आमच्या विहिरीला पाणी होतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटत होतं.

निजामी अमलातली गोष्ट. हट्ट्याजवळच्या आमच्या गावात दवंडी फिरली, की ज्यांच्या विहिरी आटल्या त्यांना त्या खोल करायला सरकार पैसे देणार, आणि ते परत मागणार नाही. आमच्या विहिरीची एक कड ढासळत होती. ती आत पडली की झरा बुजणार आणि बागायत संपणार, म्हणून वडिलांचा, म्हणजे बापूंचा, जीव टांगणीला लागलेला. पण ढासळत्या कडेला सरकार काही देत नव्हतं. तेव्हा मी अक्कल पाजळली.

"बापू, आपून विहीर आटवून टाकू. गिरदावर सायेब पाहनीला येईस्तोवर रोज उपसायची. पैसे आले की कड बांधून घेऊ."

"मोट कोन हाकनार?"

"मी."

चुलीपुढून माय उठून आली आणि माझ्या कपाळाला हात लावून म्हणाली, "ताप तर न्हाई."

(बाविशीचा घोडा झालो होतो, पण माझा मुक्काम मोटेपेक्षा शेजारच्या आंब्याखाली जास्त, हे कबूल करतो.)

गिरदावर, म्हणजे महसुलाचा तपासणी अंमलदार, सोमवारी येणार होता. मी शनिवारी पहाटेच बैल जुंपले. संध्याकाळी पाणी घोट्याला आलं. सकाळी बघतो तर पुन्हा कमरेइतकं! सोमवारी निरोप आला, "साहेब परवा येतील." परवा त्याचं तट्टू लंगडलं. मग त्याच्या मेव्हणीचं लग्न निघालं. तो येईना आणि झरा थांबेना. दोघांच्या मधे मी आणि बैल पंधरा दिवस मागं-पुढं करत राहिलो. हाताला फोड आले. झोपेतसुद्धा मी बैल हाकायचो, म्हणून बायकोनं आपलं अंथरूण पार दाराशी नेलं.

उपसलेलं पाणी वाटेवर सोडलं असतं तर गावभर बोभाटा झाला असता. म्हणून ते सगळं गव्हात सोडलं. एरवी त्या गव्हाला मी कसंबसं दोनदा पाणी दाखवत असे.

सोळाव्या दिवशी गिरदावर आला. पहाटेपासून उपसल्यामुळं तळ उघडा पडला होता आणि चिखलात एक बेडूक बसला होता. गिरदावरानं वाकून पाहिलं आणि तो चुकचुकला.

"ये तो मर गई. हिच्यात झराच न्हाई, खोल करून काय फायदा? सरकारचा पैसा काहून घालायचा इथं? बुजवून टाका."

बापू हात जोडून काहीतरी विनवणार होते. पण माझं डोकं फिरलं. ज्या झऱ्यानं पंधरा दिवस माझं कंबरडं मोडलं, त्याला हा मेला म्हणतो?

"मेली? सायेब, तुमी सांजपर्यंत बसा. गुडघाभर पानी न्हाई दावलं तर मिशी काढतो. पंधरा दिस झाले उपसून राहिलो, माजा जीव चाललाय, पर झरा हटून न्हाई राहिला!"

बापूंनी डोळे मिटून घेतले.

"मतलब पानी है," गिरदावर शांतपणे म्हणाला.

"है म्हंजे? भरपूर है!"

"मग मदत कशाला पायजे?" त्यानं एकदा हिरव्यागार गव्हाकडे पाहिलं आणि कागद गुंडाळला. जाताना भाजून खायला ओंब्या मात्र मागून घेतल्या.

त्या रात्री बापू बैलांचेच खांदे चोळत बसले. मी बायकोसमोर मिशी चाचपत बसलो.

पण गहू असा काही पिकला, की घरापुरता ठेवून उरलेला विकला आणि त्यात ती कड दगडानं पक्की बांधून झाली. पुढं चावडीवर कुणी विचारलं, "बापू, सरकारी मदत मिळाली का हो?" की बापू मुंडासं सावरत सांगायचे,

"मिळाली की. आमच्या पोरानं सलग पंधरा दिस काम केलं. मला बावीस वर्सांत जमलं न्हाई, सरकारनं न येताच करून दावलं."