सरपंचबाईंची पहिली नोटीस

सत्यवती राऊत सरपंच झाली ती नवऱ्याच्या हौसेपायी. कृष्णा राऊतला तरुणपणापासून पुढारी व्हायचं होतं. दोनदा तो पडला, आणि तिसऱ्यांदा सगळं जुळून आलं तेव्हा सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. त्या रात्री कृष्णा जेवला नाही. सकाळी पानवेलींना पाणी सोडता सोडता त्याने बायकोला विचारलं, "तुझं नाव मतदारयादीत आहे ना?"

"आहे. का?"

"काही नाही. तू फक्त सही करायची. बाकी मी बघतो."

ही २००७ सालची गोष्ट. त्यांचं गाव फणसआळी, वसई तालुक्यातलं, गिरीज आणि सांडोरच्या मधलं. केळी, पानवेली, भाजी आणि चुलतभावांची भांडणं एवढंच तिथे पिकायचं. सत्यवती निवडून आली. सरपंचाच्या खुर्चीवर ती बसायची, शेजारच्या बाकावर कृष्णा बसायचा आणि बोलायचा. उपसरपंच सिप्रियन कृष्णाच्या बरोबरीचा, दोघे शाळेपासूनचे दोस्त. तो एकदा म्हणाला, "वयनी, तुम्ही पण कधी काही बोला की." सत्यवती म्हणाली, "बोलण्यासारखं निघालं की बोलेन."

ते निघालं वर्षभराने. नालासोपारा-वसईकडे इमारती उठत होत्या आणि त्यांना पाणी नव्हतं. टँकर गावोगावच्या विहिरींवर येऊ लागले. कृष्णानेही आपली विहीर टँकरवाल्याला दिली. "विहीर आपली, पाणी आपलं," तो म्हणाला. आपलं पाणी दिवसाला पाच-सहा टँकर जाऊ लागलं. उन्हाळ्यात पानवेलींची पानं कडेने करपली. सत्यवतीने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. मचूळ झालं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारची रिटा कळशी घेऊन आली. "सत्यवती, माझ्याही विहिरीला खार लागलाय गं. तुमच्याकडचं नेते." सत्यवतीने तिला आपल्या विहिरीचं पाणी चाखायला दिलं. रिटा रिकामी कळशी घेऊन परत गेली.

सत्यवतीने कृष्णाला घरात तीनदा सांगितलं. तो तिन्ही वेळा "बघतो" म्हणाला. मग ती पंचायतीत गेली. कृष्णा त्या दिवशी लग्नाला गेला होता. तिने बैठक घेतली, ठराव झाला, आणि गावच्या रस्त्याने टँकर नेणाऱ्या विहीरमालकांना नोटिसा निघाल्या. पहिली नोटीस कृष्णा राऊत यांना. ग्रामसेवक म्हणाला, "बाई, ही तुम्हीच घरी न्या ना." सत्यवती म्हणाली, "नियमाने शिपायाकडून जाऊ दे."

शिपाई संध्याकाळी घरी आला. सत्यवतीने त्याला चहा दिला. कृष्णाने नोटीस उभ्या उभ्या वाचली, खालची सही पाहिली आणि चुलीपाशी बसलेल्या बायकोकडे पाहिलं.

"ही तुझी सही?"

"तुम्हीच म्हणालात ना, सही करायची."

कृष्णाने चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी त्याने नोटिशीला उत्तर लिहिलं. सत्यवती स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती, पण उत्तर पंचायतीत द्यायचं म्हणून तो सायकलवरून तिथे जाऊन देऊन आला. टँकर मात्र बंद झाले.

याच सुमारास महापालिकेची बातमी आली. चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून एक मोठी महापालिका होणार, त्यात फणसआळीही जाणार. गावात दुसरा विषय उरला नाही. ग्रामसभा चर्चच्या मैदानात घ्यावी लागली, कारण पंचायतीच्या खोलीत माणसं मावेनात. कृष्णा महापालिकेच्या बाजूने पाऊण तास बोलला. धरणाचं पाणी येईल, दिवे येतील, गटारं येतील, नगरसेवक होतील. 'नगरसेवक' हा शब्द त्याने जरा सावकाश उच्चारला.

सिप्रियन विरोधात बोलला. वाडीवर बांधकामं येतील, घरपट्टी वाढेल, आणि साध्या दाखल्याला विरारपर्यंत जावं लागेल. मग लोक सरपंचांकडे बघू लागले.

सत्यवती उठली. "नळ येईल तेव्हा येईल," ती म्हणाली. "आज टँकर आला तर मी तो थांबवू शकते. उद्या तो थांबवायचा अधिकार मी कुणाकडे मागायचा, ते मला कुणी सांगितलेलं नाही. महापालिका नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

हात वर झाले. सत्यवतीने आपलाही केला. महापालिकेच्या बाजूने उरलेल्यांत कृष्णा होता, त्याचा एक भाऊ होता, आणि एक म्हातारे होते, त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं.

ठराव वर गेला. इतर गावांचेही गेले. २००९च्या पावसाळ्यात महापालिका झाली, आणि फणसआळी तिच्यात गेली. पंचायतीच्या कपाटाच्या चाव्या, शिक्का आणि सगळ्या खुर्च्या सत्यवतीने मोजून दिल्या. ती घरी आली आणि पहिल्यांदाच भर दुपारी झोपली.

आठवड्यात टँकर पुन्हा आला. आता नोटीस काढायला पंचायत नव्हती. सत्यवतीने रिटाला हाक मारली आणि दोघींनी विहिरीकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर खड्डे खणून केळीचे मुनवे लावले. रस्ता पंचायतीचा होता, तो गेला; ही वाट मात्र वाडीतली होती. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मग कृष्णाला बोलावलं.

"अगं, वाटेवर केळी?"

"वाडी आहे. केळी नाही तर काय लावू?"

कृष्णाने मुनव्यांकडे पाहिलं. उपटायला तो वाकला, पण शेतकऱ्याचा हात. लावलेलं रोप उपटवेना. त्याने भोवतीची माती दाबली आणि ड्रायव्हरला सांगितलं, "मागे घे." टँकरला मागे जायला अर्धा तास लागला, आणि एक कुंपण पडलं.

पुढच्या वर्षी कृष्णा नगरसेवकपदाला उभा राहिला. सत्यवती प्रचाराला घरोघर फिरली, नवरा होता. "टँकरचं काय, वयनी?" असं कुणी विचारलं तर ती जे घडलं ते सांगायची. कृष्णाचं डिपॉझिट गेलं. सिप्रियन संध्याकाळी त्याच्या ओट्यावर येऊन बसला आणि पानांच्या भावाबद्दल बोलत राहिला.

विहिरीचं पाणी दोन पावसाळ्यांनी सुधारलं. पहिल्यासारखं गोड झालं नाही, पण पानवेली जगल्या. महापालिकेतून गावं वगळा म्हणणाऱ्यांचे मोर्चे चालूच राहिले, आणि सत्यवती प्रत्येकाला जायची. कृष्णा तिला स्कूटरवरून सोडायचा. तो महापालिकेच्या बाजूचा असल्यामुळे मोर्चात येत नसे. मोर्चा सुटेपर्यंत कचेरीसमोरच्या चिंचेखाली थांबायचा.

"काय झालं?" ती आली की तो विचारायचा.

"निवेदन दिलं. पुढच्या सोमवारी परत बोलावलंय."

"मग सोमवारी डबा मोठा घे," कृष्णा किक मारत म्हणाला. "इथे उभं राहून मलाही भूक लागते."