गाऱ्हाण्यातली माझी ओळ

दर चतुर्थीला आमची अख्खी वाडी एकत्र येऊन माझ्या जिभेसाठी देवाला साकडं घालायची.

आमच्या मालवणकडे गणपती विसर्जनाला उचलायच्या आधी घरचा कर्ता पुरुष हातात नारळ घेऊन गाऱ्हाणं सांगतो, म्हणजे घरादाराचं मागणं मोठ्याने देवापुढे मांडतो. तो श्वास घ्यायला थांबला की जमलेले सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बाबा मुंबईला गिरणीत होते. रजा काढून चतुर्थीला यायचे आणि गाऱ्हाणं असं सांगायचे की समुद्रावरच्या होड्यांनाही ऐकू जावं. भात, गुरं, विहिरीचं पाणी असं करत करत त्यांची गाडी शेवटी माझ्यावर यायची. "आणि ह्या माझ्या झिलाची जीभ मोकळी कर रे म्हाराजा!" त्यावर सगळी वाडी गरजायची, "व्हय म्हाराजा!" मी खांबाआड उभा राहून पायाच्या अंगठ्याने सारवलेली जमीन उकरत असायचो.

मी तोतरा होतो, अजूनही आहे. मधातून वेखंड चाटवून झालं, अंगारे लावून झाले. जीभ काही बधली नाही. पण खरं सांगायचं तर अडखळण्याचा मला फारसा त्रास नव्हता. शब्द उशिरा का होईना, यायचा. त्रास होता तो लोकांच्या मदतीचा. मी अडलो रे अडलो की समोरचा माझं वाक्य पुरं करून मोकळा. शेजारी आमच्या भावकीतल्या काकांचं दुकान होतं. हळद आणायला गेलो आणि 'ह'वर थांबलो की काका हिंगाची पुडी बांधून हातावर ठेवत. नको म्हणायचं तर आणखी एक शब्द काढावा लागणार, म्हणून मी ती घेऊन यायचो. आमच्या घरात हिंग कधीच संपला नाही.

काका निदान अक्षर धरून तरी चुकायचे. आईची तर गोष्टच वेगळी. मी कुठल्याही अक्षरावर अडलो तरी तिच्या मते मला भूक लागलेली असायची. मला शाळेतली भांडणं सांगायची असत, रात्री पडलेलं स्वप्न सांगायचं असे. पहिला शब्द निघेपर्यंत ताटात भात पडलेला असायचा. जेवताना कोण बोलणार? मी अंगाने बरा भरलो, एवढा एक फायदा झाला.

मी मॅट्रिक झालो त्या वर्षी बाबांना रजा मिळाली नाही. मुंबईहून आलेल्या शेजाऱ्याबरोबर त्यांनी तोंडी निरोप धाडला, "यंदा गाऱ्हाणा झिलान सांगूचा."

हे ऐकून काका धावतच आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात आले. "मी आसंय मा," ते आईला म्हणाले. "ह्यो खंय बोलतलो? उद्या सकाळपर्यंत गणपती पाटार रवतलो."

"तेच्या बापाशीन सांगल्यान, तोच सांगतलो," आई म्हणाली. मला एवढं बरं वाटलं की विचारू नका. पण काका गेल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "जिभेचा इसरू नको हां. यंदा तू आपल्या तोंडान माग. देव आयकतलो."

झालं! आता पंचाईत दुहेरी होती. मध्येच अडलो तर काका माझ्या हातातला नारळ घेऊन गाऱ्हाणं पुरं करणार आणि आमच्या घराचं बोलणं कायमचं त्यांच्याकडे जाणार. आणि नाही अडलो, तर शेवटी चारचौघांत, माझ्याच तोंडाने, मला दुरुस्त करा म्हणून मागायचं. आईला नाही म्हणायची छाती नव्हती. ते दिवस मी कुणाशी धड बोललो नाही, आणि माझं न बोलणं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

विसर्जनाच्या दिवशी नारळ घेऊन उभा राहिलो. काका अगदी खांद्याला खांदा लावून. "बा द... द... द..." मी अडलो. काकांनी तोंड उघडलं. पण गाऱ्हाण्यात थांबलं की काय करायचं हे वाडीला जन्मापासून पाठ. समोरच्या म्हाताऱ्यांनी माना लववल्या आणि सगळे एकदम गरजले, "व्हय म्हाराजा!" काकांच्या उघडलेल्या तोंडातूनही तेच निघालं.

मी चकितच झालो. पुढे 'गुरां'वर अडलो, "व्हय म्हाराजा!" विहिरीवर अडलो, "व्हय म्हाराजा!" काय मागतोय ते देवाला अजून कळायचं होतं, पण वाडीची संमती आधीच मिळत होती. कुणीही माझा शब्द पळवत नव्हतं. जगात अशी एक जागा होती जिथे माझ्या थांबण्यालाही उत्तर होतं, आणि मी ती आजवर खांबाआडून बघत होतो. माझा घसा मोकळा झाला. गाऱ्हाणं बाबांच्या दुप्पट लांबलं, पण कुणी हललं नाही.

मग जिभेची पाळी आली. सगळ्यांना ती ओळ ठाऊक होती. आई दारात हात जोडून उभी होती. मला तिची दया आली आणि त्याच वेळी भयंकर रागही आला. जिभेने तर आत्ताच सगळं मागून दाखवलं होतं, मग तिचं काय मागायचं?

"आणि म्हाराजा," मी म्हणालो, "माजा बोलणा पुरा होयसर ऐ... ऐ... ऐकणाऱ्यांका वायच दम धरूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वाडी सवयीने गरजली. सगळ्यात मोठा आवाज काकांचा होता. मग एकेकाचे डोळे उघडले. मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि मूर्ती उचलायची एकच गडबड उडाली.

किनाऱ्याच्या वाटेवर काकांनी मला गाठलं. "माका धरूनच मागलंस काय रे?"

"न... न..."

ते सवयीने पुढचं बोलणार होते, पण ओठ घट्ट मिटून थांबले. "देवासमोर व्हय म्हणान बसलंय," ते वैतागून म्हणाले. "सांग, सांग. मी उभो आसंय."

संध्याकाळी ओल्या कपड्यांनी घरी आलो. आई चुलीपाशी बसली होती. माझ्यावर रागावली असेल असं मला वाटत होतं.

"आये, म... म..."

तिचा हात भाताच्या पातेल्याकडे गेला. मग थांबला. तिने तो मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. मला नेहमीपेक्षा जास्तच वेळ लागला. चुलीतलं लाकूड एकदा सरकवावं लागलं.

"मी बरो आसंय गो, आये."

तिने पदराने डोळे पुसले, धुरामुळे नव्हे. मग विचारलं, "भूक लागली मा?"

त्या दिवशी मात्र खरंच लागली होती.