माचू म्हणजे माची

माचू पिच्चूला कधीही न जाता माचू पिच्चूतच राहणारा माणूस जगात एकच, आणि तो जपानातल्या इचिकावात आमच्या डोक्यावर, चौथ्या मजल्यावर राहत होता. आम्ही त्यांना काका म्हणतो. मूळचे पुण्याचे. तरुणपणी सह्याद्रीतले किल्ले पालथे घातले, मग नोकरीसाठी जपानात आले, जपानी काकूंशी लग्न केलं आणि इथेच मुरले. किल्ले मात्र डोक्यातून गेले नाहीत. आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या मोकळ्या जागेला ते 'माची' म्हणत आणि स्वतःच्या घराला 'बालेकिल्ला'. सकाळी जाळायच्या कचऱ्याची पिशवी खाली नेतानासुद्धा पाठीला सॅक, हातात काठी. स्टेशनवरचा सरकता जिना वापरणं ही त्यांच्या लेखी फितुरी होती.

पण सगळ्या किल्ल्यांचा राजा म्हणजे पेरूच्या डोंगरातलं ते इंकांचं गाव. त्यावर काकांचा सिद्धांत ठरलेला. "माचू म्हणजे आपली माची! जपानीतसुद्धा वस्तीला माची म्हणतात, ते काय उगीच? शब्द फिरलाय, साहेब." "आणि पिच्चू?" मी विचारायचो. "ते तिथे गेल्यावर बघू." एकदा चहाला आले असताना बायकोने नारळाच्या वड्या पुढे ठेवल्या, तर इंकांची भिंत कशी रचतात हे दाखवण्यात त्यांनी सगळी ताटली कामाला लावली. "बघा, चुना नाही, माती नाही, मधे सुरीचं पातं शिरणार नाही!" शेवटी बायकोच म्हणाली, "काका, इंका पुरे, आता वडी खा." तिकडची माणसं विरळ हवेत कसलीशी पानं चघळतात असं वाचल्यापासून हे तमालपत्र चघळू लागले. जिन्यात त्यांच्या मागून चढताना मला रोज बिर्याणीची भूक लागायची.

आणि खरंच एकदा दोघांनी सहलीचं बुकिंग केलं. काकूंना डोंगरांचं काडीइतकंही प्रेम नव्हतं, पण काकांसाठी त्या तयार झाल्या. निघण्याआधी तपासणी झाली. डॉक्टरांनी काकांचा ईसीजी पाहिला, मान किंचित तिरकी केली आणि म्हणाले, "जरा मुझुकाशी, कठीण आहे." काका खुशीत परतले. जपानात कुणी 'मुझुकाशी' म्हणालं की त्याचा अर्थ चक्क नाही, हे इतकी वर्षं इथे काढलेल्या माणसाला कळत नसेल? पण मला जिन्यात गाठून म्हणाले, "कठीण म्हणाला, नाही कुठे म्हणाला? किल्ला कठीण असायचाच!" मागून काकू हळूच म्हणाल्या, "अहो, कठीण म्हणजे नाही." काकांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

काकू आपलंही जाणं रद्द करायला निघाल्या, तर काका हट्टाला पेटले. "तू जा. तू पाहिलंस की मी पाहिलं." शेवटी डोंगर न आवडणाऱ्या काकू सहलीच्या गटाबरोबर पेरूला गेल्या आणि डोंगरावाचून न करमणारे काका इचिकावात राहिले. त्या दिवसांत ते आमच्याकडेच जेवत. एकदाही माचूचं नाव काढलं नाही. तमालपत्रही बंद.

परत आल्यावर काकूंनी आम्हाला वर बोलावलं. त्या भिंती, पायऱ्यापायऱ्यांची शेतं, खोल खाली वाहणारी नदी, सगळं त्या सांगत होत्या आणि काका चक्क गप्प बसून ऐकत होते. मग त्या म्हणाल्या, "अहो, एक चुकलं तुमचं. माचू म्हणजे माची नाही. गाइडनं सांगितलं, माचू म्हणजे म्हातारा."

आता वाद पेटणार म्हणून मी सावरून बसलो. काकू पुढे म्हणाल्या, "तो दिवसभर माचू, माचू करत होता. मला सारखी घरची आठवण. एवढं सुंदर सगळं समोर, आणि माझा माचू घरी."

काका उठले आणि "चहा टाकतो" म्हणून आत गेले. चहा यायला फार वेळ लागला.

आता दोघं तळमजल्यावर राहायला आलेत, काकांना जिना झेपत नाही. वरचा मजला शांत झालाय आणि त्या बिर्याणीच्या वासावाचून मला जिन्यात चुकल्याचुकल्यासारखं होतं. घरी पाहुणा आला की काका अजूनही माचू पिच्चू सांगायला बसतात, फक्त मधेच थांबून म्हणतात, "नक्की काय ते हिला विचारा, ती जाऊन आलीय." संध्याकाळी आतून काकूंची हाक येते, "माचू-सान!" एका शब्दासाठी सगळ्या जगाशी वाद घालणारा हा माणूस तेव्हा लगेच ओ देतो.