जुन्या नाक्यावरची तिसरी हाक

नोकरीत गुन्हे पुष्कळ पाहिले, पण जुन्या नाक्याच्या घरातली ती गोष्ट अजूनही काल घडल्यासारखी वाटते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. हुकूम नागपूरहून यायचे आणि देऊळगाव राजाच्या पलीकडं निजामाची हद्द लागायची. मी नवा शिपाई. शिक्षण तालुक्याच्या शाळेतलं आणि अंगात गुण एकच, कुणाचाही आवाज हुबेहूब काढायचो. एकदा ठाणेदारसाहेबांच्या आवाजात घोडा मागवला, तर मोतद्दार खरंच जीन कसून घोडा दारात घेऊन आला. तेव्हापासून आमचे हवालदार मला 'नकल्या' म्हणायला लागले.

साहेब नागपूरकडचे. आमच्याकडची एक रीत त्यांना सहन व्हायची नाही. माणूस दिसत नसेल आणि नुसती हाक आली, तर पहिल्या दोन हाकांना आम्ही ओ देत नाही. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी हाक जित्त्या माणसाची, हे लहानपणीच कानात भरलेलं. साहेब खोलीतून ओरडत राहायचे आणि हवालदार तिसऱ्या हाकेला सावकाश "जी" म्हणून उठायचे.

त्या हिवाळ्यात एका गावच्या पाटलानं वर्दी दिली. दोन भाऊ मोटेच्या पाळीवरून भांडले, धाकटा गायब, थोरल्याच्या अंगातली बंडी रक्तानं भिजलेली. थोरला कोठडीत आला तेव्हा त्याच्या डोक्याला फडकं बांधलेलं होतं. साहेबांच्या मते सगळं सरळ होतं. धाकटा मरता मरता झटला, त्यात याचं डोकं फुटलं. विहिरी उपसल्या, प्रेत काही मिळालं नाही. तरी साहेब खुनाचं चलान कोर्टात पाठवायच्या तयारीत. ते गेलं असतं तर थोरला फासाच्या वाटेला लागला असता.

जबाबात तो एवढंच म्हणायचा, "मले काय करायचं ते करा. त्याले धुंडू नका."

हवालदार बाहेर येऊन म्हणाले, "मारलेल्या माणसाले धुंडू नका म्हनते का कोनी? हा काहीतरी झाकून राह्यला बे."

कोठडीत भाकर मी द्यायचो. त्याचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून एकदा साहेबांची नक्कल करून दाखवली. तो हसला आणि हसता हसता डोळे पुसले. म्हणाला, "आमचा लहान्या असता तं लोळला असता." शेतात लहान्याला हाक कशी मारतो तेही त्यानं सांगितलं. मी ऐकून ठेवलं. सवयच ती.

दोनेक दिवसांनी जालन्याला गाडी नेणारे एक चाचा ठाण्यावर आले. वाटेत हद्दीला लागून जुन्या जकात नाक्याचं घर होतं. नाका उठला, नाकेदार मेला, पण तो गाडीवानांना अजून नावानं हाका मारतो अशी वदंता होती. म्हणून सगळे उंबऱ्यावर बिडी-भाकर ठेवून पुढं जायचे.

चाचा म्हणाले, "हवालदारसाब, नाकेदार बिघडला."

"काऊन? काय केलं त्यानं?"

"पहले बिडी तिथंच सडून जायची. आता बिडी बी जाते, भाकर बी जाते. काल माझी काडेपेटी गेली. भुताला काडेपेटी कशाला लागते, तुम्हीच सांगा."

हवालदार मला हळूच म्हणाले, "लहान्या तं नसन तिथं?" थोरल्याला तिथं नेऊन हाक मारायला लावू, असं साहेबांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, भुताच्या मागावर कैदी बाहेर काढता येत नाही. आणि आम्हीच पोलिसी कपड्यांत जावं, तर घराच्या मागंच निजामाची हद्द. आतला माणूस पळाला की आमचे हात बांधलेले आणि थोरला गेलाच.

तेव्हा दिवसाउजेडी आम्ही दोघं चाचांच्या गाडीत पोत्यांमागं बसून निघालो. नाक्याशी बैल आपोआप थांबले. लोक म्हणायचे, भूत बैल अडवतं. चाचांचे बैल म्हातारे होते, आयुष्यभर तिथं जकातीसाठी थांबलेले. नाका उठल्याचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मी थोरल्याच्या आवाजात हाक दिली, "लहान्याऽ, ये बे, मोट धर."

आत काहीतरी खाली पडलं. मग शांत.

दुसरी हाक दिली. काहीच नाही. म्हटलं, "हवालदारसाहेब, चुकलं आपलं. चला."

त्यांनी माझं मनगट धरलं. "अजून एक डाव मार. दोन तं मेलेलाही मारते."

तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा माझा आवाज फाटला होता. आतून रडका आवाज आला, "दादा, तू जित्ता हायेस?"

दार उघडलं. दाढी वाढलेली, कानावर नाकेदाराची बिडी. आम्हाला बघून पळाला नाही, गाडीत भावाला शोधायला लागला. भांडणात त्यानंच दादाच्या डोक्यात काठी घातली होती. दादा पडला तो मेलाच, असं समजून पळाला होता.

"दादा कुठं हाय?"

"कोठडीत," हवालदार म्हणाले. "तुले मारलं म्हनून."

तो न सांगता गाडीत चढून बसला.

ठाण्यात शिरताच त्यानं हाक मारली, "दादा." थोरला भिंतीकडं तोंड करून बसला होता, हलला नाही. दुसऱ्या हाकेला त्यानं डोळे मिटले. तिसरी हाक आली तेव्हा "ओ" म्हणाला आणि गजांशी आला. काठीबद्दल त्यानं तक्रार दिलीच नाही. साहेबांनी खुनाचं चलान स्वतःच्या हातानं फाडलं. त्यानंतर हवालदारांना ते रोज तीनदा हाक मारायचे, न चिडता.

मी पुढं ठाणेदार झालो. गप्प राहणारा माणूस स्वतःचा गुन्हाच लपवतो असं नाही, हे मला त्या कोठडीनं शिकवलं. बेपत्ता माणसाचं प्रकरण बंद करायला आणलं की मी शिपायाला म्हणायचो, अजून एकदा जाऊन ये.

हवालदार वारले त्यालाही वर्षं झाली. कधी दुपारी ओसरीवर डोळा लागतो आणि फाटकाशी कुणीतरी म्हणतं, "नकल्या." थोड्या वेळानं पुन्हा, "ए नकल्या." मी उठत नाही, तिसरीची वाट पाहत पडून राहतो.