मावशींचा नॉर्मल रिपोर्ट

एप्रिलात किनवटला माणसं सावली शोधत फिरतात, आणि आमच्या मावशी पेटत्या चुलीसमोर स्वेटर घालून बसलेल्या असायच्या. वर म्हणायच्या, "थंडी वाजून राहिली, बाई." असं माणूस तुम्ही कुठं पाहिलंय का?

मुलींच्या निवासी शाळेत मी अधीक्षक आणि त्या स्वयंपाकीण. एका बैठकीला दोनशे भाकरी थापणारी ही बाई वर्षभरात इतकी मंदावली की भाजीला फोडणी देऊन पुढचं विसरायची. तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, केस विरळ. मी पडले तोंडाची फटकळ. "मावशी, झोपा काढायला येता का कामावर?"

"हाव बाई, हातच उचलंना झालाय," म्हणून त्या ओशाळं हसायच्या.

मुलींच्या तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी मुलींच्या आधी त्यांनाच बसवलं. गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं. थायरॉइड निघालं. "गळ्यातली ही एवढीशी ग्रंथी शरीराचा जाळ सांभाळते," ते म्हणाले. "ती मंदावली की नाडी, पोट, डोकं, सगळंच मंदावतं."

"म्हंजे लाकडं ओली हायत म्हणा की," मावशी म्हणाल्या. डॉक्टरही हसले.

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी आणि चहा तासाभराने. गोळीचं त्यांना काही नव्हतं, पण चहाशिवायचा तो तास! घड्याळाकडे बघत बसायच्या. "गोळीनं वाचंन, पर चहापायी जीव जाईल माझा."

सहा महिन्यांत मावशी परत पहिल्यासारख्या झाल्या. मुलींना दरडावून वाढू लागल्या, भाकरी परत तव्यावर टम्म फुगू लागली. पुन्हा रक्त तपासलं. रिपोर्ट आणायला मीच गेले. डॉक्टर रजेवर होते, पण मी शिकलेली बाई, कागद वाचता येतो हा माझा तोरा. आकडा नॉर्मल होता. आल्या आल्या मी सांगून टाकलं, "मावशी, बऱ्या झालात. गोळ्यांची कटकट संपली."

त्यांनी मारुतीपुढे नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो आनंदाने खाल्ला.

दिवाळीनंतर त्यांचे पाय पुन्हा जड झाले. भात करपू लागला. मला वाटलं, आजार तर गेला, आता हा निव्वळ आळस. आणि तसं मी मुलींदेखत बोलले. "आता कसलं निमित्त, मावशी? रिपोर्ट मी स्वतः वाचलाय."

त्यांनी वाद घातला नाही. "हाव बाई, रिपोर्ट चांगला हाय. माझ्यातच खोट हाय," म्हणाल्या आणि करपलेलं पातेलं घासायला बसल्या.

पौषातल्या एका सकाळी त्या चुलीजवळ बसल्या जागी कलंडल्या. हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. हात धरला तर गार. आम्ही नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जुने कागद चाळले. "गोळी का बंद केली?"

"रिपोर्ट नॉर्मल आला होता," मी म्हणाले.

"अहो, गोळी चालू होती म्हणून नॉर्मल आला होता. ही जन्मभर घ्यायची असते."

तिसऱ्या दिवशी मावशी गेल्या.

तेरावा झाल्यावर त्यांची लेक भोकरहून सामान न्यायला आली. पत्र्याची पेटी उचलायच्या आधी ती माझ्या पाया पडली. "माय समद्यांला सांगायची, बाईनं दवाखान्याचं समदं बघितलं म्हणून मी उठून उभी राहिले. तुमच्यावाणी कोण करतंय, बाई?"

खरं माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखी राहा." आज तुम्हाला सांगतेय, तिला अजून सांगितलेलं नाही.